‘ब्रंच’ राहिला, ‘ब्लंच’ का गेला?

१८९५ साली इंग्लंडमध्ये गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने ‘हंटर्स वीकली’ या नियतकालिकात रविवारच्या जेवणाबद्दल एक कळकळीची विनंती केली. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्या माणसाला रविवारी भल्या सकाळी उठवून नाश्त्याला बसवू नका, त्याला उशिरा उठू द्या आणि नाश्ता व दुपारचं जेवण एकदमच करू द्या. या एकत्र जेवणाला त्याने ‘ब्रंच’ म्हटलं. ब्रेकफास्टचं तोंड आणि लंचचं शेपूट.

पुढच्याच वर्षी ‘पंच’ या साप्ताहिकाने आणखी एक बारकावा छापला. हे जेवण नाश्त्याच्या वेळेजवळ असेल तर ‘ब्रंच’, आणि दुपारच्या जेवणाकडे झुकत असेल तर ‘ब्लंच’.

ब्रंच आज जगभरच्या हॉटेलांच्या मेन्यूवर आहे. ब्लंच कुणाच्या तोंडी नाही. दोन्ही शब्द एकाच काळातले, एकाच गरजेतून निघालेले आणि त्याच दोन शब्दांपासून बनलेले, तरी एक जगला आणि दुसरा गेला. मला वाटतं, याचं कारण बरंचसं कापणीत आहे. ‘ब्लंच’मध्ये लंच अख्खा शाबूत राहतो, पण ब्रेकफास्टचा उरतो नुसता ‘ब’, आणि एवढ्याशा खुणेवरून ब्रेकफास्ट कुणाला आठवणार? ‘ब्र’मध्ये निदान थोडा सुगावा लागतो. शिवाय साडेदहाच्या आणि साडेबाराच्या जेवणाला वेगवेगळी नावं असावीत, अशी गरजही फारशी कुणाला नव्हती.

अशा शब्दांना इंग्रजीत ब्लेंड किंवा पोर्टमँटो म्हणतात. आपण मिश्रशब्द म्हणू. रोज नवे जन्मतात, बहुतेक आठवड्याभरात विरून जातात आणि थोडे इतके रुजतात की ते कधीकाळी कुणीतरी जोडून बनवले होते याचीही आठवण राहत नाही. हा सगळा प्रकार म्हणजे शब्दांची गंमत, असं समजून बाजूला सारला जातो. पण त्यामागे बऱ्यापैकी पक्के नियम आहेत, आणि ते कळले की वर्तमानपत्रात अचानक समोर आलेला अनोळखी इंग्रजी शब्दही उलगडता येतो.

पोर्टमँटो हे नाव लुइस कॅरलमुळे पडलं. १८७१ साली आलेल्या त्याच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या पुस्तकात हम्प्टी डम्प्टी ॲलिसला एका अगम्य कवितेतले शब्द फोडून सांगतो. ‘स्लायदी’ म्हणजे लवचीक या अर्थाचा ‘लाइद’ आणि बुळबुळीत या अर्थाचा ‘स्लायमी’. पोर्टमँटो ही त्या काळातली मधोमध उघडणारी, दोन कप्प्यांची प्रवासी बॅग. एका शब्दात दोन अर्थ भरले आहेत, हे सांगायला हम्प्टी डम्प्टीने तिचा दाखला दिला. ‘स्लायदी’ त्या कवितेतच राहिला. त्याच कवितेतला ‘चॉर्टल’ मात्र बाहेर पडला आणि इंग्रजीत कायमचा बसला. ‘चकल’ म्हणजे गालातल्या गालात हसणं, ‘स्नॉर्ट’ म्हणजे नाकातून फुरकणं, आणि दोन्ही एकदम झालं की चॉर्टल.

मराठी वाचकाला इथे लगेच समास आणि संधी आठवतील. पण मिश्रशब्द या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. ‘राजपुत्र’मध्ये राजाही पूर्ण आहे आणि पुत्रही. ‘विद्यालय’मध्ये विद्या आणि आलय यांचे स्वर एकमेकांत मिसळतात, पण नियमाने मिसळतात. नियम माहीत असेल तर संधी सोडवता येतो. मिश्रशब्दात शब्दांचे तुकडे पाडून काही भाग सरळ टाकून दिलेला असतो. ‘ब्रंच’ बनवताना ‘एकफास्ट’ आणि ‘ल’ कचऱ्यात गेले, आणि ते परत मिळवून देणारा व्याकरणाचा कुठलाही नियम नाही. ते काम ऐकणाऱ्याच्या आठवणीने करायचं असतं. म्हणून मिश्रशब्द बनवणाऱ्यापुढे खरा प्रश्न एकच असतो: किती कापलं तरी समोरच्याला मूळ शब्द आठवेल?

कात्री कुठे लावायची

सर्वांत जास्त चालणारी रीत म्हणजे पहिल्या शब्दाची सुरुवात घ्यायची आणि दुसऱ्याचा शेवट. मोटर आणि हॉटेल मिळून मोटेल, हे नाव १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो इथे आर्थर हाइनमन या वास्तुविशारदाने आपल्या विश्रामगृहाला दिलं. वेब आणि सेमिनार मिळून वेबिनार. क्वचित दोन्ही शब्दांच्या सुरुवाती घेतात, जसं मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर मिळून मोडेम.

पण नेमकं कुठे कापायचं? इथे देवनागरीची सवय असलेल्या आपल्याला एक गोष्ट चटकन दिसत नाही. आपण अक्षर धरून चालतो. ‘लंच’चे तुकडे करा म्हटलं तर आपण ‘लं’ आणि ‘च’ असे करू. इंग्रजी कान मात्र स्वराच्या आधी कापतो: ‘ल्’ आणि ‘अंच’. म्हणजे कात्री आपल्या अक्षराच्या पोटातून जाते. ब्रंच म्हणजे ‘ब्र्’ अधिक ‘अंच’. स्मोक आणि फॉग मिळून झालेला स्मॉग म्हणजे ‘स्म्’ अधिक ‘ऑग’. यमकात जो भाग जुळतो तोच मागे ठेवायचा, असं समजा. म्हणून लंच आणि ब्रंच यांचं यमक जुळतं, फॉग आणि स्मॉग यांचंही जुळतं, आणि ऐकणाऱ्याला दुसरा शब्द न सांगता आठवतो.

आणखी एक खूण सहज पडताळून बघता येईल. मिश्रशब्दाची लांबी बहुतेक वेळा दुसऱ्या शब्दाइतकी असते. लंच एका झटक्यात उच्चारला जातो, ब्रंचही तसाच. हॉटेलचे दोन ठेके, मोटेलचेही दोन. सेमिनारचे तीन, वेबिनारचे तीन. जोरही सहसा दुसऱ्या शब्दात जिथे पडतो तिथेच पडतो. म्हणजे दुसरा शब्द साचा पुरवतो आणि पहिला त्या साच्याच्या तोंडाशी जाऊन बसतो. अपवाद आहेत, पण नवा शब्द जिभेवर अडखळत असेल तर हा साचा मोडलाय का, ते आधी बघावं.

मग कुठला शब्द पुढे ठेवायचा? १९९८ साली मायकल केली या मानसशास्त्रज्ञाने अशा शब्दांचा अभ्यास केला, तेव्हा आखूड आणि जास्त वापरातला शब्द सहसा पुढे येतो असं दिसलं. अर्थाचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. नाश्ता जेवणाच्या आधी होतो, म्हणून ब्रेकफास्ट लांब असूनही पुढे.

सर्वांत सुखाची जोडणी होते ती दोन शब्दांत काही आवाज आधीच सारखे असतात तेव्हा. ‘गेस’ म्हणजे अंदाज आणि ‘एस्टिमेट’ म्हणजे हिशेबाने काढलेला आकडा, यांच्यात ‘एस्’ दोघांचाही आहे. त्यामुळे ‘गेस्टिमेट’मध्ये फार थोडं टाकावं लागलं आणि दोन्ही शब्द डोळ्यांसमोर राहिले. अर्थही नेमका बसला, कारण आकडा दिलाय पण त्यामागे पूर्ण हिशेब नाही.

आता अर्थाकडे येऊ. बहुतेक वेळा दुसरा शब्द घरचा मालक असतो. मोटेल हा हॉटेलचा प्रकार, मोटरचा नव्हे. वेबिनार हा सेमिनारचा प्रकार. म्हणून अनोळखी मिश्रशब्द दिसला की आधी शेवट वाचावा. पण काही जोड्या बरोबरीच्या असतात. चमच्याच्या पुढच्या टोकाला काट्याचे दाते असलेला ‘स्पोर्क’ धड स्पून नाही आणि धड फोर्कही नाही. प्राण्यांच्या संकरात तर क्रमाला वंशावळीचा अर्थ आहे. बाप सिंह आणि आई वाघीण असेल तर ते पिल्लू ‘लायगर’, बाप वाघ आणि आई सिंहीण असेल तर ‘टायगॉन’. बापाचं नाव पुढे. दोन्ही प्राणी दिसायलाही वेगळे असतात, लायगर आईबापांपेक्षा खूप मोठा होतो आणि टायगॉन तसा होत नाही. इथे क्रम उलटा केला तर प्राणीच बदलतो.

धूर गेला, शब्द राहिला

‘स्मॉग’कडे मी थोडा जास्त वेळ देणार आहे, कारण मिश्रशब्दाचं पुढे काय होतं ते या एका शब्दात पूर्ण दिसतं. तो रूढ करण्याचं श्रेय साधारणपणे हेन्री ॲन्टवान दे व्हू या डॉक्टरांना दिलं जातं. ते लंडनमध्ये कोळशाच्या धुराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेत होते आणि १९०५ साली सार्वजनिक आरोग्याच्या एका परिषदेत त्यांनी हा शब्द वापरला. त्यांचा मुद्दा शास्त्रीय होता. लंडनकर ज्याला धुकं म्हणून सोडून देत होते ते नुसतं धुकं नव्हतं. त्यात घराघरांतल्या शेगड्यांचा आणि कारखान्यांचा धूर मिसळलेला होता. धुकं निसर्ग आणतो, धूर माणसं सोडतात. दोन्हींना मिळून एक नाव दिल्यावर त्यातला माणसाचा वाटा लपवता येईना. एका शब्दाने एवढं काम केलं.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस असा स्मॉग बसला की तेव्हाच्या सरकारी अंदाजाने सुमारे ४,००० माणसं दगावली. नंतरच्या संशोधनात हा आकडा १२,००० पर्यंत गेला. १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

दरम्यान हा शब्द समुद्र ओलांडून लॉस एंजेलिसला पोचला होता. १९४३ पासून तिथे तपकिरी, डोळे झोंबवणारी हवा जाणवू लागली आणि लोकांनी तिलाही स्मॉगच म्हटलं. पुढे आरी हागन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हे प्रकरणच वेगळं आहे. गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर कडक ऊन पडलं की त्यातून ओझोन तयार होतो. त्याला धुक्याची गरज नाही आणि कोळशाच्या धुराचीही नाही. उलट ते स्वच्छ उन्हाच्या दिवशी जास्त होतं. म्हणजे शब्दातला ‘स्मोक’ही खोटा ठरला आणि ‘फॉग’ही. तरी शब्द हलला नाही, कारण तोवर स्मॉगचा अर्थ ‘माणसाने बिघडवलेली, दिसण्याइतकी घाण हवा’ असा झाला होता. आई-बापांची ओळख पुसली गेली आणि पोर आपल्या नावावर उभं राहिलं.

बहुतेक यशस्वी मिश्रशब्दांची वाट हीच असते. जन्माला येताना त्यांना दोन मूळ शब्दांच्या ओळखीची गरज असते, नाहीतर ब्लंचची गत होते. टिकायचं असेल तर मात्र एक दिवस ती ओळख सुटावी लागते. ‘पॉडकास्ट’ बघा. फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने ‘द गार्डियन’मध्ये तो लिहिला, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट जोडून. आयपॉडचं उत्पादन २०२२ साली थांबलं, आणि ते यंत्र हातातही न घेतलेली मुलं आज खुशाल पॉडकास्ट ऐकतात. संगणकातला ‘बिट’ हा बायनरी डिजिट, पडद्यावरचा ‘पिक्सेल’ हा पिक्चर एलिमेंट, हे त्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनाही रोज आठवत नाही, आणि आठवण्याचं कारणही नाही.

काही शब्द तर उच्चारसुद्धा विसरतात. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकिर्दीत मतदारसंघांच्या सीमा पक्षाच्या सोयीने आखल्या गेल्या. त्यातला एक मतदारसंघ नकाशावर इतका वेडावाकडा दिसत होता की बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याला पंख, नखं जोडून सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्याच्या रूपातलं चित्र छापलं. गेरी आणि सॅलमँडर मिळून ‘गेरीमँडर’. गेरी स्वतःचं आडनाव ‘ग’नेच उच्चारत. शब्द मात्र आज सर्रास ‘जेरीमँडर’ असा उच्चारला जातो आणि सीमांशी असा खेळ कुठेही झाला की वापरला जातो.

तुकडे मोकाट सुटतात तेव्हा

कधी कधी शब्द टिकतो आणि त्याचा एक तुकडा सुटून स्वतंत्र धंदा सुरू करतो. २०१२ साली ग्रीस युरो सोडेल का अशी चर्चा होती, तेव्हा ‘ग्रेक्झिट’ आला. त्याच वर्षी त्यावरून ‘ब्रेक्झिट’ निघाला. जून २०१६ च्या सार्वमतानंतर तो जगभर गेला आणि २०२० मध्ये ब्रिटिश राजघराण्यातलं हॅरी आणि मेगन हे जोडपं राजकर्तव्यांतून बाहेर पडलं तेव्हा ‘मेग्झिट’ झाला. इथे निदान ‘एक्झिट’ हा मूळचा शब्दच आहे. ‘वर्कहोलिक’मधलं ‘होलिक’ घ्या. अल्कोहोल हा अरबीतून आलेला शब्द, त्याला ‘इक’ लागून अल्कोहोलिक झाला. त्यात ‘होलिक’ असा अर्थाचा तुकडा कधीच नव्हता. पण १९७१ साली वेन ओट्स यांच्या पुस्तकाने वर्कहोलिक लोकांच्या तोंडी बसवला आणि नंतर शॉपहोलिकसारख्या शब्दांची रांग लागली. ‘होलिक’ला ‘अमक्याचं व्यसन असलेला’ हा अर्थ फुकटात मिळाला.

चुकीच्या जागी कापण्याचे असे नमुने बरेच आहेत. हॅम्बर्गर हा हॅम्बर्ग शहराच्या नावावरून आला, त्यात ‘हॅम’ म्हणजे डुकराचं मांस कुठेच नाही. पण कानाने ‘हॅम’ आणि ‘बर्गर’ असे दोन भाग पाडले आणि चीजबर्गर तयार झाला. हेलिकॉप्टर ग्रीकमधल्या ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख यांपासून बनवला होता; इंग्रजीने तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा मोडला, म्हणून हेलिपॅड. असे मोकळे सुटलेले तुकडे दाखवायला भाषाशास्त्रज्ञ आर्नल्ड झ्विकी यांनी २०१० साली ‘लिबफिक्स’ हा शब्द काढला, लिबरेटेड आणि ॲफिक्स जोडून. मिश्रशब्दांच्या तुकड्यांना मिश्रशब्दाचंच नाव, हे मला फार आवडलं.

काही शब्द मिश्रशब्द वाटतात पण नसतात. ‘इमोटिकॉन’ खरोखरच इमोशन आणि आयकॉन मिळून झालाय. ‘इमोजी’चा मात्र इमोशनशी संबंध नाही. तो जपानी शब्द आहे, ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे लिपीतलं अक्षर.

वापराबद्दल बोलायचं तर सूर ओळखणं सगळ्यांत महत्त्वाचं. भुकेने चिडलेल्या माणसासाठी ‘हँग्री’, म्हणजे हंग्री आणि अँग्री, हा २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात आला, पण कोशात आला म्हणून तो अर्जात किंवा अहवालात शोभत नाही. तो घरगुती बोलण्यातला आहे. उलट ‘स्टॅगफ्लेशन’ पूर्ण गंभीर आहे. अर्थव्यवस्था थंडावलेली, म्हणजे स्टॅग्नेशन, आणि त्याच वेळी महागाई वाढती, म्हणजे इन्फ्लेशन. नोव्हेंबर १९६५ मध्ये इयन मॅक्लाउड यांनी ब्रिटिश संसदेत तो वापरला आणि आज अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्याला अवतरणचिन्हंही लागत नाहीत. दोन्ही शब्दांची रीत एकच, पण एकाने रोजची चिडचिड सांगितली आणि दुसऱ्याने अशी परिस्थिती, जिच्यासाठी आधी पूर्ण वाक्य खर्च करावं लागत होतं.

आता हे सगळे नियम हातात धरून एक शब्द इथेच बनवून पाहू. रात्री अंथरुणात पडून फोनवर बोट फिरवत राहायचं आणि दोन वाजेपर्यंत जागायचं, याला नाव हवंय. ‘स्क्रोल’ आणि निद्रानाश या अर्थाचा ‘इन्सॉम्निया’ घेऊ. इन्सॉम्निया पुढे ठेवला तर ‘इन्सोल’ होतो, आणि तो इंग्रजीत बुटाच्या आतल्या तळव्यासाठी आधीच राखलेला आहे. बाद. ‘स्क्रोल’ पुढे घेऊन अख्खा ठेवला तर ‘स्क्रोलसॉम्निया’. कळतो झकास, ठेकेही इन्सॉम्नियाइतकेच चार, पण पुढचा शब्द अख्खाच राहिल्याने दोन डबे जोडल्यासारखा वाटतो. स्वराच्या आधी कापला तर ‘स्क्र्’ अधिक ‘ऑम्निया’, म्हणजे ‘स्क्रॉम्निया’. साच्यातला एक ठेका कमी पडतो, पण जिभेला गोड, यमक जुळतं, आणि इन्सॉम्निया ऐकू येतो. धोका आहे तो पुढच्या तुकड्याचा. ‘स्क्र्’वरून स्क्रीन आठवेल, स्क्रॅच आठवेल, स्क्रोल आठवेलच असं नाही. पण वाक्यात फोनचा उल्लेख असला की ‘स्क्रीन’ आठवला तरी बिघडत नाही, अर्थ तिकडेच जातो. अशा माणसाला इन्सॉम्निॲकच्या धर्तीवर ‘स्क्रॉम्निॲक’ म्हणता येईल. ‘काल रात्री पुन्हा स्क्रॉम्निया’ असं सकाळी मित्राला लिहिलं तर त्याला बहुधा विचारावं लागणार नाही.

अर्थाच्या बाजूने मात्र या शब्दात एक फट आहे. शेवट मालक असतो, म्हणून स्क्रॉम्निया हा निद्रानाशाचा प्रकार असल्याचं तो सांगतो. निद्रानाश म्हणजे झोपायची इच्छा आणि संधी असूनही झोप न लागणं. इथे झोप दारात उभी असते आणि आपण फोन खाली ठेवत नाही. मित्राशी बोलताना हा फरक खपून जाईल. डॉक्टरांसमोर बसल्यावर हा शब्द वापरू नये. झोप लागतच नाही, की झोप येत असून फोन सुटत नाही, हे तिथे दोन सरळ वाक्यांत सांगावं, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात.